न पाहता लिहिलेली पाहणी

माझ्या हातून नोकरीत एक खोटा कागद लिहिला गेला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, आता सत्त्याऐंशी पूर्ण झाली. मधल्या काळात ही गोष्ट मी फक्त बायकोला सांगितली होती, आणि तीही गेली. कागद कुत्र्यांबद्दलचा होता, त्यामुळे कुणाला हसू येईल. मला कधी आलं नाही.

उज्जैन नक्की कुठल्या राज्यात आहे, हे तेव्हा आम्हा पालिकेच्या कारकुनांनाही धड सांगता येत नव्हतं. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला, आणि त्याचे छापील फॉर्म संपायच्या आत तोही मोडून नवा मध्य प्रदेश होणार असं ठरलं. रोज नवे अफसर बदलून येत होते. त्यांच्या बंगल्यांत पांढऱ्या, झुपकेदार शेपटीच्या लहान कुत्र्यांची हौस शिरली, आणि गावात पिल्लांचा धंदा सुरू झाला. लोक माद्या आणून खोक्यांत कोंडायचे, वर्षातून दोनदा त्यांची वीण घ्यायचे, आणि पिल्लांचे डोळे उघडतात न उघडतात तोच ती टोपलीत घालून रेल्वेने कुठे कुठे पाठवून द्यायचे. बरीच वाटेत मरत.

तक्रारी वाढल्यावर पालिकेने नियम केला. पिल्लं विकायची तर परवाना हवा. एका मादीची वर्षातून एकच वीण. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. आणि परवान्याआधी इन्स्पेक्टरने जागा स्वतः जाऊन पाहायची. फॉर्मच्या तळाशी हिंदीत छापलेलंच होतं, 'मौका मुआयना किया', म्हणजे जागेवर जाऊन पाहणी केली. त्याखाली सही करायची. आरोग्य खात्यातला तो इन्स्पेक्टर मी होतो.

पहिल्या खेपेला दोनच अर्ज आले.

एक माधव नगरातल्या काकांचा. ते माझ्या नात्यातले नव्हते, पण उज्जैनच्या मराठी मंडळींत त्यांना सगळेच काका म्हणत. संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले, पालिकेत वजन असलेले. मला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच.

दुसरा अर्ज भैरवगढच्या एका म्हाताऱ्याचा. एका सरदाराकडे तो डोरिया होता. शिकारी कुत्र्यांची निगा राखणाऱ्याला आमच्याकडे डोरिया म्हणत. विलिनीकरणानंतर सरदारांनी कुत्री वाटून टाकली आणि एक मादी याच्या मागोमाग चालत भैरवगढला आली. आता तिची लेक त्याच्याजवळ होती. तो कापडावर ठसे छापणाऱ्या छिप्यांच्या शेजारी राहायचा. अर्ज कुणीतरी त्याला लिहून दिला होता आणि खाली अंगठा होता.

काकांकडे मी तीनदा गेलो. त्यांच्या मागच्या आवारात जायचं तर वाट स्वयंपाकघरावरून होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा पितृपक्ष चालू होता.

"आज आमच्याकडे पक्ष आहे रे," काका म्हणाले. "काकू सोवळ्यात आहे. तू बाहेरून आलेला, त्यातून कुत्र्यांच्या खात्यातला!"

ते हसले, मीही हसलो. दुसऱ्यांदा नवरात्र होतं. तिसऱ्यांदा कुळधर्म. दर वेळी मी दिवाणखान्यात बसून पोहे खाल्ले. मागून भुंकणं ऐकू यायचं.

"किती आहेत काका?" मी एकदा विचारलं.

"दोन."

"आवाज जास्त वाटतो."

"घर मोठं आहे, घुमतो. तू पोहे घे आणखी. लग्न झाल्यापासून वाळलास."

तिसऱ्या खेपेला मी तिथेच, पोह्यांची बशी बाजूला सारून, फॉर्मवर सही केली. सोवळं चालू असताना स्वयंपाकघर ओलांडणं मला अशक्य होतं. माझ्या आईने मला तसं वाढवलं नव्हतं. मी खोटं लिहितो आहे असं तेव्हा मनात आलंच नाही. मोठ्या माणसाने सांगितलं ते पाहिल्यासारखंच आहे, असं वाटलं.

मग स्टेशनातून एक टोपली आली. पाच पिल्लं दूरच्या गावी पाठवलेली. पोचली तेव्हा तीन मेली होती आणि उरलेली दोन दुसऱ्या दिवशी गेली. रेल्वेने रिकामी टोपली आणि पत्र पालिकेला पाठवलं. पाठवणाऱ्याचं नाव बनावट होतं. टोपलीच्या तळाशी लाल-काळ्या ठशांच्या चिंध्या अंथरलेल्या होत्या. छिपे कापडावर रंग लावून पाहतात आणि फेकून देतात, तसल्या.

माझे वरिष्ठ, आरोग्य अधिकारी, बदलीच्या तयारीत होते. ते म्हणाले, "दोनच अर्ज आहेत ना तुमच्याकडे? मग दोघांपैकी एकाचं काम. उद्यापर्यंत रिपोर्ट द्या."

मी चिंध्या पाहिल्या. भैरवगढ. मला आणखी काही लागलं नाही.

त्या दिवशी सायकल पंक्चर होती म्हणून भैरवगढला जाता आलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत होतो. सायकल पंक्चर नव्हती. ऊन होतं आणि मला खात्री होती. मी टेबलाशी बसून लिहिलं, 'मौका मुआयना किया. स्थान अत्यंत गंदा. कुतिया दुर्बल. पिल्ले समय से पूर्व बेचे जाते हैं. परवाना न दिया जाए.' सही केली. त्या ओळी मला अजून पाठ आहेत.

दोन दिवसांनी पालिकेच्या माणसांनी म्हाताऱ्याची मादी आणि तिची दहा दिवसांची चार पिल्लं उचलून कोंडवाड्यात आणली. तिकडे त्याला कांजी हौस म्हणतात. मोकाट गाई-म्हशींसाठी बांधलेली जागा, कुत्र्यांची सोय कुठली असणार! मी नोंद करायला गेलो. तपकिरी, उंच, लांब पायांची मादी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. 'दुर्बल' म्हणावं असं तिच्या अंगावर काही नव्हतं. भीतीने तिचं दूध मात्र आटलं होतं आणि पिल्लं तिच्या पोटाशी नुसती तोंडं घाशीत होती.

फाटकाबाहेर म्हातारा उकिडवा बसला होता. मला पाहून उठला आणि हात जोडले. त्याने मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. कसं पाहणार?

"साहब, मुझे अंदर नहीं जाने देते तो न सही," तो म्हणाला. "बस बच्चों को कोई दूध पिला दे. गाय का, पतला करके. और हर बार पिलाने के बाद गीले कपड़े से पेट सहलाना पड़ता है. माँ चाटती है ना, वैसे. नहीं तो पेशाब रुक जाता है, मर जाते हैं."

कोंडवाड्याचा राखणदार म्हणाला, "बाबा, यहाँ भैंसों को चारा नहीं मिलता, तुम मालिश की बात कर रहे हो."

मी चारही पिल्लं पिशवीत घालून घरी आणली. का आणली, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ही कुठली जप्ती? पुढच्या वेळी म्हैस आणाल!"

पण तिने आमच्या मुलीचं बोंडलं काढलं. मुलगी नुकतीच वाटीने प्यायला लागली होती आणि ते चांदीचं, चोचीचं बोंडलं कपाटात ठेवलेलं होतं. माहेरहून आलेली वस्तू कुत्र्याच्या तोंडाला लावताना ती क्षणभर थांबली, एवढंच. मग पदराचं टोक भिजवून एकेकाचं पोट चोळत बसली.

"नोटिसा काढता ना सगळ्यांना? आता ह्या धाकट्यालाही काढा. म्हणावं, तात्काळ दूध प्यावे, अन्यथा कारवाई होईल."

धाकटा प्यायला नाही. तो आणि आणखी एक तिसऱ्या दिवशी गेले. मी म्हाताऱ्याला सांगितलं, तर त्याने त्यांना परत मागितलं. मी दोन्ही देह फडक्यात बांधून त्याला दिले. त्याने ते छातीशी धरले आणि पायी भैरवगढला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. मादी कुणाच्याच हातचं खात नव्हती. मी राखणदाराला सांगून त्याला रोज आत सोडायला लावलं. तो घरून भाकरी आणायचा, चुरून पाण्यात कालवायचा आणि तळहातावर धरून म्हणायचा, "खा ले बिटिया, आज तेरे भाग में मोटी है." ती खायची. मी दाराशी उभा राहून पाहायचो. माझ्याशी तो फार अदबीने बोलायचा. जाताना दर वेळी म्हणायचा, "साहब, पता नहीं किसने लिख दिया मेरे बारे में. भगवान उसका भी भला करे. लेकिन आप न होते तो ये मर जाती."

पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. रोज एक दिवस गेला आणि रोज ते आणखी अवघड झालं.

कोंडवाडा झाडायला एक बाई यायची. माधव नगरातले संडासही तिच्याकडेच होते. एक दिवस झाडू टेकवून ती माझ्याजवळ आली.

"बाबूजी, इस बूढ़े को क्यों सता रहे हो? कुत्तों का कारखाना देखना है तो काका साहब के पिछवाड़े जाओ."

"मैं गया था वहाँ. तीन बार."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आगे से गए होंगे."

प्रत्येक बंगल्यामागे एक अरुंद गल्ली होती आणि तिथून मागच्या आवारात उघडणारं एक लहान दार. ती गल्ली मी रोज पाहायचो. आरोग्य खात्याच्या नकाशावर ती होती. पण ती तिच्यासारख्यांची वाट होती. त्या दारातून आपणही आत जाऊ शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. काकांना हे पक्कं ठाऊक होतं. दुसरा कुणी इन्स्पेक्टर असता, तर सोवळ्याचं कारण ऐकून सरळ वळसा घालून गेला असता.

त्या दुपारी मी तिच्या मागोमाग गल्लीतून गेलो. दार ढकललं. पत्र्याच्या छपराखाली एकावर एक खोकी होती आणि प्रत्येकात एक पांढरी मादी. खरं तर पांढरी नव्हे, पिवळट. खोक्यात वळताही येत नव्हतं. काहींचे पाय वाकडे झाले होते. एकीने जाळीतून नाक बाहेर काढून माझी बोटं चाटायला सुरुवात केली आणि थांबेचना. कोपऱ्यात टोपल्यांची चळत होती, आणि शेजारी लाल-काळ्या चिंध्यांचं पोतं. भैरवगढच्या त्या चिंध्या भंगारवाला गावभर विकतो, हे मला त्या बाईने तिथे सांगितलं. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

आवाज ऐकून काका स्वयंपाकघराच्या दारात आले. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण ते पहिल्यांदा जे बोलले ते मी कधी विसरलो नाही.

"अरे, तू मागच्या गल्लीतून आलास?"

"हो, काका."

"आपल्या घरातला मुलगा! काकूने पाहिलं तर काय म्हणेल! जा, पुढून ये. आणि आधी नळाखाली पाय धू."

मी पाय धुतले. पुढून गेलो. दिवाणखान्यात बसलो. त्या दिवशी पोहे नव्हते.

"तुझी सही आहे त्या फॉर्मवर," काका शांतपणे म्हणाले. "दोन्ही फॉर्मवर. मी अडकलो तर तू आधी अडकशील. घरात लहान मूल आहे तुझ्या." मग ते म्हणाले, "तुला ती म्हाताऱ्याची कुत्री सोडवायचीय ना? मी उद्या साहेबांना शब्द टाकतो. माझं हे मी महिन्याभरात इथून हलवतो. झालं?"

मी 'झालं' म्हणालो.

काकांनी शब्द पाळला. मादी सुटली. खोकीही माधव नगरातून हलली; कुठल्या गावी गेली ते मी विचारलं नाही. ज्या माद्यांसाठी तो नियम केला होता, त्यांच्यापर्यंत तो कधी पोचला नाही. पोचवायचं काम माझं होतं. पुढे दुरुस्तीचा रिपोर्ट मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. मग नवं राज्य आलं, जुन्या कागदांची बंडलं गाडीत चढली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

मादीला न्यायला म्हातारा आला त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती त्या रिपोर्टपेक्षा वाईट होती. त्याने पागोट्यातून घडी केलेला कागद काढला.

"साहब, एक मेहरबानी और. जिस दिन इसको उठाया, ये काग़ज़ दे गए थे. पढ़ दीजिए."

"किसी से पढ़वाया नहीं?"

"शरम आती है. चालीस बरस कुत्तों की सेवा की. आदमी बोल रहा था, गंदगी की रपट है. गाँव में किससे पढ़वाऊँ?"

तो माझाच रिपोर्ट होता, नक्कल केलेला. मी तो वाचत असल्यासारखी नजर फिरवली.

"इसमें लिखा है कि राज्य बदल रहा है, इसलिए पुरानी अर्जियाँ रद्द हैं. बस."

"गंदगी का?"

"नहीं लिखा."

"मेरे बारे में कुछ नहीं?"

"कुछ नहीं, बाबा."

त्याने डोळे मिटले. खांदे खाली आले. कागदाची त्याने इतक्या जपून घडी घातली की मला तिथे उभं राहवेना.

दोन पिल्लं आमच्याकडेच होती. आईला दूध नव्हतं, म्हणून ती खायला लागेपर्यंत ठेवा, असं म्हाताराच म्हणाला होता. दोन महिन्यांची झाली तेव्हा मी ती सायकलच्या पुढच्या टोपलीत बसवली आणि भैरवगढला निघालो. बायको फाटकाशी उभी होती. "एक तरी मागून बघा ना," ती म्हणाली आणि लगेच आत गेली.

भैरवगढला मी तेव्हा पहिल्यांदा गेलो. छिप्यांच्या दोऱ्यांवर ओली कापडं वाळत होती आणि त्यामागे त्याचं घर. मादी दाराशी आली, पिल्लांना हुंगलं आणि दोघांनाही आडवं पाडून चाटायला लागली. म्हाताऱ्याने मला खाटेवर बसवलं. आत भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा, तो कागद चिकटवलेला होता.

त्याने माझी नजर पाहिली.

"मैंने तो साफ़ काग़ज़ समझकर लगाया था. छीपे के यहाँ नई बहू आई है, साहब," तो म्हणाला. "पढ़ी-लिखी है. उसने पढ़ दिया."

मी उठायला लागलो. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नीचे आपका नाम भी पढ़ा उसने. मैंने कहा, बहू, ग़लत पढ़ रही हो. उसने दुबारा पढ़ा."

"बाबा, मैं आया ही नहीं था यहाँ," मी म्हणालो. एवढंच जमलं.

"हाँ. वही तो मैं सोचता था. आया होता तो ऐसा कैसे लिखता." त्याने पिल्लांच्या अंगावरून हात फिरवला. मग म्हणाला, "एक आप ले जाना. बहूजी ने पेट सहलाया है, उनका हक़ है."

ते पिल्लू पुढे आमच्या घरी तेरा वर्षं राहिलं.

म्हातारा उठला. माझं कोपर धरून त्याने मलाही उठवलं.

"अब आ ही गए हैं तो देख लीजिए."

आणि त्याने मला सगळं दाखवलं. जमीन त्याच सकाळी सारवलेली होती. मादीची जागा वाऱ्याच्या आड होती, खाली पोतं, पोत्याखाली कडुनिंबाचा पाला. ठशांच्या चिंध्या होत्या, पण उकळून, वाळवून, घडी करून ठेवलेल्या. पाण्याचं मातीचं भांडं उलटं घालून उन्हात ठेवलेलं, दुसरं भरलेलं. भिंतीलगत वीतभर उंचीवर एक बांबू आडवा बसवला होता. मी विचारलं, हा कशाला.

"माँ करवट ले तो बच्चा दीवार से दबे नहीं. इसके नीचे सरक जाता है."

मी वाकून बांबूखाली हात घालून पाहिला. तो गुळगुळीत झाला होता. कितीतरी पिल्लांच्या पाठी त्याला घासल्या असतील.

"ठीक है?" त्याने विचारलं, साहेबाला विचारावं तसं. आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"बहुत साफ़ है, बाबा."

"पीछे का भी देख लीजिए."

घरामागे कडुनिंबाखाली मातीचे दोन लहान ढीग होते. कुणी उकरू नये म्हणून वर दगड रचले होते. मी कशाचे ते विचारलं नाही. झाडाचा पाला सगळीकडे गळत होता, पण त्या दोन ढिगांभोवती झाडलेलं होतं.